नेहमीचा पंच

दार उघडलं, तर इन्स्पेक्टर आणि चार शिपाई. त्यांच्यामागे पंच म्हणून भिकोबा उभा होता.

भिकोबाला मी चांगलीच ओळखते. बावीस वर्षांच्या वकिलीत मी त्याची अकरा वेळा उलटतपासणी घेतली. झडतीआधीच हा पंचनाम्यावर अंगठा उठवतो, हे त्याच्याच तोंडून वदवलं आणि अकरा निरपराध पोरं सोडवली.

"ऑफिसची झडती घ्यायचीय, मॅडम," इन्स्पेक्टर हसून म्हणाले.

"घ्या की. इथे फायलींशिवाय काय मिळणार?"

मी भिकोबाकडे पाहिलं. त्याने हात पाठीमागे नेला, पण अंगठ्यावरची ओली शाई मला दिसलीच.

"माफ करा, बाई," तो पुटपुटला. झडती अजून सुरू व्हायची होती, पण त्याची नजर माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणावर खिळली होती.