वाडीची काच

ग्रामपंचायतीच्या टेबलावर दहा काचा ओळीने मांडल्या होत्या. पोस्टकार्डाएवढ्या, वरून व्हॅसलीन फासलेल्या. १९९३च्या फेब्रुवारीतले पंधरा दिवस त्या गावातल्या दहा घरांवर उघड्या ठेवल्या होत्या. खडी मशीनची धूळ त्यांवर चिकटायची आणि ती भिंगाखाली मोजायची, हे बालवाडीच्या सुमतीने गावातल्या चार बायकांना शिकवलं होतं. त्या चौघी आज ठेवणीतल्या साड्या नेसून बाकावर बसल्या होत्या.

"देवळाजवळ, एका चौकटीत एक्केचाळीस कण," सुमती वाचत होती. "शाळेजवळ, अठ्ठावन्न. कातकरवाडी..." ती जराशी थांबली. "चार."

गोरखशेठ मोठ्याने हसला. त्याची पहिली खडी मशीन वाडीच्या डोक्यावरच होती; दुसरीही वाडीला लागूनच बसायची होती. परवानगीचा कागद पनवेलहून आलेल्या साहेबांसमोर होता.

"घ्या साहेब! मशीनच्या पायाशी चार. वाडीवर तर माथेरानची हवा हाय. आमीच जातो तिकडं राहायला."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

वाडीवरची भीमाबाई इतका वेळ दाराबाहेर उभी होती. ती हळूच आत आली आणि सुमतीच्या कानाशी वाकली.

"बाय, माजीच काच सगल्यांत चकचकीत, नाय? बाकीच्यांनी निस्ती घान करून ठेवलीय. मी रोज सकाली पदरानं पुसली. तुमी सांगितलात ना, सांबाल म्हनून."

सुमतीचे कान तापले. नऊ घरी ती ओटीवर बसली होती, चहा घेतला होता, आणि काच ठेवताना तीन-तीनदा बजावलं होतं : पुसू नका. वाडीत ती गेलीच नव्हती. तिथे धुळीने साडी खराब होते. रस्त्यावरूनच हाक मारून तिने काच भीमाच्या हातात दिली होती. "सांभाळ गं नीट." काल मोजताना या काचेवर व्हॅसलीनच नव्हतं, तेही तिला दिसलं होतं. उन्हाने वितळलं असेल, असं मनाशी म्हणून तिने चार लिहिले होते.

"आकडा पक्का ना, बाई?" साहेबांनी विचारलं.

भीमा शाबासकीची वाट पाहत उभी होती.

"नाही," सुमती म्हणाली. "वाडीची काच पुसली गेलीय. पुसायची नसते, हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी."

बाकावरच्या चौघींनी माना खाली घातल्या.

"मग बाकीच्या नऊ कोनी पुसल्या, कोनी माखल्या, काय पत्ता?" गोरखशेठ म्हणाला. "बालवाडीत पोरांना खेळवा, बाय. हा काय खेळ नाय."

साहेबांनी थोडा वेळ काचांकडे पाहिलं. "असं मोजमाप मला धरता येत नाही, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. कागदावर त्यांनी लिहिलं : धुळीबाबत ग्राह्य माहिती उपलब्ध नाही. खाली परवानगीची सही केली.

गोरखशेठने चहा मागवला. सगळ्यांना, बाकावरच्या चौघींनासुद्धा.

भीमाला एवढंच कळलं, की काहीतरी बिघडलं आणि ते काचेपायी.

"माज्यानं झालं का, बाय?"

तिचे डोळे भरले. तिने पदर उचलला. त्याचं टोक राखाडी, चिकट झालं होतं.

"पुसू नको," सुमती म्हणाली.

तोवर भीमाच्या गालावर राखाडी पट्टा उमटला होता.