दाराची कडी

लॉरी पुन्हा फटफटली, अंगभर हादरली आणि अंगणातच गप्प झाली.

"तुमनी गाडी खोकी ऱ्हायनी ना, शेठ!" रतिलाल पाटील हसत म्हणाला. हा तापीकाठचा बागायतदार गाडी विकत घ्यायला आला होता. तिची खोड निघाली की त्याला बरंच वाटत होतं.

गाडीचे मालक सुगनचंद शेठ बॉनेटवरून हात फिरवत राहिले. ही गाडी अक्कलकुव्यात आली तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं होतं. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा. शेठच्या बायकोने, इचरजबाईंनी, तिला कुंकू लावलं आणि पुढच्या बैठकीवर जाऊन बसल्या, त्या उतरेचनात. मारवाड्याच्या घरची बाई, कमरेपर्यंत घुंघट, आणि तळोद्याच्या रस्त्याला वाऱ्याने तो घुंघट उडाला तशी लहान पोरीसारखी हसत सुटली! त्या रिकाम्या बैठकीकडे पाहिलं की शेठना अजून ते हसू ऐकू येई. गाडी विकायची म्हणजे तेही रतिलालच्या हवाली करायचं. पण करता काय? इचरजबाई गेल्या आणि गाडीचंही बिनसलं. जंगलात कुठेही मिस मारून फटफटायची, कुठेही बंद पडायची. त्यात लढाईचे दिवस, सुटे भाग मिळेनात.

झिपरू ड्रायव्हरने हात टेकले होते. प्लग घासले, वायरी बदलल्या, कार्बुरेटर खोलून फुंकला. थोडे दिवस गाडी झकास चाले, की पुन्हा फट् फट् सुरू.

"शेठ, मी काय खोटं बोली ऱ्हायनू का? पेट्रोलमाच गाळ शे."

"गाळ?" शेठ उखडले. "रोज सकाळले मी स्वता दुहेरी फडकामाईन गाळस!"

ते खरंच होतं. जैनाच्या घरात न गाळलेल्या पाण्याचा घोट कुणी घेत नाही. फडक्यावर राहिलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते फडकं विसळून, ते पाणी ज्या विहिरीचं त्या विहिरीला परत द्यायचं, अशी रीत. लढाईत पिपातलं पेट्रोल घाण येऊ लागलं तसं इचरजबाईंनी तेही गाळायला घेतलं. गावाने काय कमी चेष्टा केली! त्या गेल्यावर शेठनी ते काम कुणाला करू दिलं नाही. झिपरू यायच्या आत, इचरजबाईंच्याच जुन्या ओढणीच्या घडीतून ते पेट्रोल गाळत आणि पुढची रीतही यथासांग पार पाडत. तिचं काहीच मोडायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात असे.

त्या वेळी आतून दाराची कडी वाजे. आत सून, पानीबाई. सून सासऱ्याशी बोलत नाही. हवं-नको ते सासूला सांगायचं, सासूने शेठना सांगायचं. मुलगा सुरतेला पेढीवर, येणार तो दिवाळीला. मधलं माणूस गेलं आणि घरात बोलायला उरली फक्त कडी. कडी वाजली म्हणजे ताट वाढलंय. "आलोच, बीनणी," असं म्हणत शेठ आत जात, तर भाकरी अजून तव्यावरच असे. पोर उगाच घाई करते, असं त्यांना वाटे. पण पोर गुणाची. इचरजबाई गेल्या त्या दिवशी शेठ मोलगीच्या बाजाराचा माल घेऊन डोंगराच्या पायथ्याशी होते. उशाशी ही एकटीच होती.

"द्या मंग हँडल," रतिलाल सौदा पक्का करत म्हणाला.

शेठनी इंजिन फिरवायचं हँडल उचललं. आतून कडी वाजली.

"आलोच, बीनणी."

कडी पुन्हा वाजली. मग अशी खडखडली की छपरावरचे कावळे उडाले.

"बापूजी, सासूजी पेट्रोलचा गाळ भिंतीशी फेकायच्या. परत पिपात नाही ओतायच्या."

तिघांनीही दाराकडे माना वळवल्या. सून घरात आल्यापासून शेठनी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. बारीक होता, जरासा घोगरा.

झिपरूने पीप कलतं करून तळाचं पेट्रोल डब्यात घेतलं. लाल चिखल आणि पाणी, दुहेरी फडक्यातूनही झिरपेल इतकं साठलेलं!

"अरे देवा! शेठ, तुम्ही त्या कचराले बी माहेरले धाडी ऱ्हायनात का?" तो पोट धरून खालीच बसला. रतिलालही खो खो हसला.

शेठ हसले नाहीत. त्यांनी हँडल रतिलालच्या हातात दिलं नाही, बैठकीवर ठेवलं.

"रतिलालभाऊ, आते मी गाडी नही इकस."

मग ते दारापाशी गेले. दार अर्धं लोटलेलं होतं, आड ओढणीची किनार दिसत होती. इतके दिवस ते ह्या दाराशी येत, घुटमळत आणि मुकाट्याने ताटावर जाऊन बसत.

"बीनणी," ते चौकटीवर हात ठेवून म्हणाले. "ती जाताना... काही बोलली होती का ग?"

कडी वाजली नाही.

"बोलल्या होत्या," दाराआडून आवाज आला. "बसा, सांगते."