अठरावर आणखी एक पान

ऋजुताच्या प्रोग्रॅमने ब्लॅकजॅकचे दहा लाख डाव खेळून संपवले होते. निम्मे, कधी पान घ्यायचं आणि कधी थांबायचं हे सांगणाऱ्या तक्त्यातल्या चालींनी, निम्मे बाबांच्या पद्धतीने. हातातल्या पानांची बेरीज एकवीसच्या पुढे गेली की बाद, हे ठाऊक असूनही बाबा अठरावर आणखी एक पान मागायचे. त्यामुळे रोज दुपारी पानं वाटणारी आई जिंकायची, आणि हरेल त्याने चहा करायचा, या घरच्या नियमाने बाबा ओट्यापाशी उभे राहायचे.

ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली. "बाबा, तक्त्याप्रमाणे खेळलात तर जवळजवळ निम्मे डाव जिंकाल. पाठ करून घेऊ का तुमच्याकडून?"

"अठरावर थांबायचं. सोळा असतील आणि वाटणाऱ्यासमोर दहा, तर पान घ्यायचं," आलं किसता किसता बाबा म्हणाले. "बोटीवर नोकरीला होतो तेव्हापासून पाठ आहे."

"मग?"

"तिचे गुडघे बघतेस ना? नुसतं 'मी करतो' म्हटलं, तर ती मला ओट्याला हात लावू देईल का?"

बाहेरून आईने विचारलं, "काय गं, काय म्हणतंय तुझं मशीन?"

ऋजुताने लॅपटॉप मिटला. "बाबांचं नशीबच फुटकं आहे म्हणतंय."

"मी कधीची सांगतेय," म्हणत आई समाधानाने पत्ते पिसू लागली.