पिन सरकवायची राहिली

“आई, आमच्या शाळेच्या फाटकाशी पोलिसांची गाडी तूच उभी केलीस ना?”

प्रश्न खरं तर तिच्या मैत्रिणीचा, टीममधल्या ‘बडबडी’चा होता. “हिंमत असेल तर आईला विचारून दाखव,” असं तिने अख्ख्या फुटबॉल टीमसमोर म्हटलं होतं. आणि गोलकीपरलाच हिंमत नाही, असं कसं चालेल? टीममध्ये सगळ्या तिला गोलीच म्हणायच्या.

आईने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. “मी गाड्या उभ्या करत नाही. मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे.”

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. आई पोलिसांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होती. ती कोड लिहायची नाही, चोरही पकडायची नाही. सॉफ्टवेअरमध्ये काय हवं आणि काय नको, ते ठरवायची. तरी सिग्नल तोडला की मामा हमखास तिलाच फोन करायचा.

“पण हल्ली गाडी कुठे पाठवायची ते तुझा नकाशा सांगतो,” गोली म्हणाली. “आणि तो म्हणतो, शहरात सगळ्यात जास्त गुन्हे आमच्या फाटकाशी होतात. आई, तिथे होणारा एकमेव गुन्हा म्हणजे बडबडीचं गाणं!”

बाबा फिसकन हसले. ते आईच्या जॅकेटची एकच बाही पुन्हा पुन्हा इस्त्री करत होते. उद्या आईचं पोलिसांच्या मोठ्या साहेबांसमोर सादरीकरण होतं. ते जमलं की तिचा नकाशा इतर शहरांतही जाणार होता आणि तिला बढती मिळणार होती.

“हसू नका बाबा! रोज दप्तरं तपासतात. मुलींच्या घरचे घाबरलेत. बाईंनी संध्याकाळची प्रॅक्टिसच बंद केली. शनिवारी फायनल आहे आणि मी कधीपासून बॉलला हात लावलेला नाही!”

“डेटा खोटं बोलत नाही, राणी.”

“डेटा भरतं कोण?”

“ठाण्यातले हवालदार. तक्रार लिहायची, नकाशावरची पिन सरकवून घटनेच्या जागी न्यायची, सेव्ह करायचं. इतकं सोपं केलंय मी, की तूसुद्धा करशील.”

“दे मग.”

आईने वैतागून सरावाची स्क्रीन उघडली आणि लॅपटॉप फिरवला. गोलीने लिहिलं, ‘सायकल चोरीला गेली.’ आणि धाडकन सेव्ह.

“अगं ए, पिन! पिन सरकवायची राहिली!”

“झालं की सेव्ह.”

“होतं गं, पण सरकवायची असते ना!”

“आई, हवालदारासमोर चार जण भांडत उभे, फोन वाजतोय, वर साहेब ओरडतोय. पिन सरकवायची कुणाला आठवेल? मी तर इथे आरामात बसून विसरले.”

आईने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिने नकाशा मोठा केला. गोलीची पिन जिथल्या तिथे उभी होती. शाळेच्या फाटकाशी. खिसेकापू, फसवणूक, शेजाऱ्यांची मारामारी, शहरभरातल्या ज्या ज्या तक्रारीची पिन कुणी हलवली नव्हती, ती ती तिथेच येऊन पडली होती. एकीवर एक.

“पण आमचंच फाटक का?”

“नकाशा उघडला की पिन कुठे दिसावी, ते आधी ठरवून द्यावं लागतं. मी दिलं.” आई कपाळ चोळत राहिली. “तू पहिलीत होतीस तेव्हा. फाटकाशी भोकाड पसरायचीस. दिवसभर मला दुसरी कुठली जागा सुचायचीच नाही.”

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली.

“अय्या,” गोली म्हणाली. मग लगेच, “बरं, आता दुरुस्त कर!”

“दुरुस्त म्हणजे काय, माहितेय? पिन हलवल्याशिवाय सेव्हच होऊ द्यायचं नाही. त्याला परवानग्या लागतात, चाचण्या लागतात, महिने जातात. आणि उद्या साहेबांना काय सांगू? ज्या नकाशाचं तुम्ही एवढं कौतुक करताय, तो माझ्या चुकीमुळे भलत्याच जागी गुन्हे दाखवतोय?” आईचा आवाज चढला, आणि मध्येच थांबला. “एक मिनिट. पिनची सुरुवातीची जागा तर मला इथूनच बदलता येते.”

तिची बोटं भराभरा चालली. “हे घे. नकाशा फक्त ताज्या तक्रारी बघतो. शनिवारच्या आत गाडी हललेली असेल. खेळा आता, आणि मला काम करू दे!”

गोलीने सोफ्यावरून उडी मारली. बाबांना मिठी, आईला मिठी, बडबडीला निरोप: ‘सुटलो!!!’ लगेच उलट निरोप आला: ‘गोली, तू महान आहेस!!!’

मग तिने सहजच विचारलं, “कुठे ठेवलीस गं पिन?”

“ठेवली कुठेतरी. पार शहराच्या टोकाला. तिकडे आपल्या ओळखीचं कुणी नाही.”

गोलीने नकाशा मोठा केला. आणखी मोठा केला. दाटीवाटीची छपरं दिसली. छपरांच्या मधोमध मातीचा एक चौकोन होता. त्याच्या दोन्ही टोकांना फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषा होत्या. गोलची जागा. त्या रेषा तिने झोपेतही ओळखल्या असत्या.

“आता काय?” आई वैतागली. “झालं ना तुझ्या मनासारखं?”

गोलीने लॅपटॉप हळूच तिच्याकडे सरकवला.

“आई, बाबा, तिकडेही कुणीतरी खेळतंय. माझं ठरलंय. फायनलचं काय व्हायचं ते होऊ दे. तू हे खरोखर नीट करेपर्यंत पिन आमच्याच फाटकाशी ठेव. दप्तरं आम्ही दाखवू.”