जांभळाचा कौल

त्या पत्राला दत्तात्रयांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. बागेच्या नव्या साहेबाचं पत्र पावसाळ्यात आलं होतं. आता वैशाख लागला होता.

गुंदजवळच्या त्या जुन्या वनस्पती उद्यानात ऑर्किडची नवी दालनं उभारायची होती. आराखडा दत्तात्रयांचा. देवाचं जांभूळ मधोमध ठेवून त्यांनी भोवती जाळीच्या ओसऱ्या काढल्या होत्या. जांभळाच्या फांद्यांवरची सीतेच्या वेण्यांची ऑर्किडं जिथल्या तिथे फुलावीत, लोकांनी खालून मान वर करून पाहावीत. साहेबाला मात्र काचेचं छत हवं होतं. झाड काढून आराखडा बदलून द्याल का, आणि गावाची हरकत नाही ना, एवढंच त्याने विचारलं होतं.

'नाही' एवढा शब्द त्यांनी कितीदा तरी लिहिला आणि खोडला. साहेब शिकलेला. काचेखाली कदाचित जास्त फुलत असतील. आपल्याला काय कळतं?

शेवटी गावानं देवाला कौल लावायचं ठरवलं. देवाच्या उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर होकार, डाव्यावरचं पडलं तर नकार.

"दत्तूबाब, काचंचं घर झालं तर आमच्या नेत्राला तिकिटं फाडाय बसवा," पुतळी म्हणाली. "दिसभर सावलीत बसंल पोरगी."

"आनि तुला काचंच्या आत ठेवतील," तिचा नवरा झिलू म्हणाला. गावाच्या वतीने देवाला विचारणारा गावकार तोच. "मानसं बगाय येतील."

"येऊ देत की. तुमाला फुकट बी कोन बगीत न्हाई."

सगळे हसले. दत्तात्रय तेवढे हसले नाहीत. म्हणजे गावालाही ते घर हवंच होतं.

दुपारी जांभळाखाली देवापाशी कुणी नव्हतं. त्यांनी पिशवीतून मधाची बाटली काढली आणि उजवं फूल चिकटून राहावं म्हणून देवाच्या त्या खांद्यावर मधाचं बोट फिरवलं.

संध्याकाळी झिलूनं दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली आणि देवाच्या कानाशी वाकून गाऱ्हाणं घातलं. ते दुसऱ्या कुणी ऐकायचं नसतं. माणसं हात जोडून बसून राहिली. डावं फूल सुकत गेलं, कललं, पडलं.

पुतळी तोंडाला पदर लावून उठून गेली. लेकीची नोकरी गेली बिचारीच्या, असं दत्तात्रयांना वाटलं. पण वर जांभळावर वेण्या डुलत होत्या.

सकाळी ते झिलूबरोबर जीपने जोयड्याला गेले. उत्तर लिहून आणलं होतं. 'देवाचा कौल तोच माझा निर्णय. कौल काय मिळाला ते झिलू गावकार सांगतील.' स्वतःचं 'नाही' याही वेळी त्यांच्याच्यानं लिहवलं नव्हतं.

टपालपेटीपाशी झिलू मान खाली घालून उभा राहिला.

"मनाला लावून घेऊ नकोस," पत्र फटीत सरकवत दत्तात्रय म्हणाले. "नेत्राचं दुसरीकडे कुठे तरी बघू."

"नेत्राचं काय न्हाई वं, दत्तूबाब. ती आमची थट्टा." झिलूनं डोळे पुसले. "मनात हाय तेच देवाला इचारायचं, ही आमची रीत. सगळ्या गावानं येकच सांगितलं हुतं. म्या इचारलं, देवा, तुझं जांभूळ राखू का? देव न्हाई म्हनला."

दत्तात्रयांनी बोटं आवळली. पत्र आत पडलं होतं.