मुष्टीचं मूळ

अंगणाच्या भिंतीवरून डोकावणारं ते तुळतुळीत डोकं आज चौथ्या दिवशीही तिथंच होतं.

यान देखुई वस्तादांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. अंगणात पाच शिष्य घाम गाळत होते. वसंतात चौदा होते. नऊ जण पलीकडच्या गावी फांग वस्तादाकडे गेले, कारण फांगच्या दारावर पाटी होती : 'यूनशी मठाची अस्सल परंपरा'. यानांच्या दारावर पाटी नव्हती. त्यांच्या घराण्याची मुष्टी, म्हणजे मुठीनं लढायची विद्या, मठातून आलेली नव्हती. टोफूच्या जात्याचं गाढव मेल्यावर आजोबांनी तीन वर्षं स्वतः जातं ओढलं, त्यातून ती निघाली. कोणी विचारलं की वस्ताद हे खरं सांगून टाकत. मग विचारणारा चहा संपवून फांगकडे जाई.

उरलेल्या पाचांत एक त्यांचा मुलगा तुंगशान, तीन पुतणे, आणि पाचव्याला फांगनं घेतलं नव्हतं. हेही गेले की तालमीत शेळ्या बांधायच्या, एवढंच राहिलं होतं.

"फांगचाच माणूस आहे तो," वस्ताद बायकोला म्हणाले. "शिष्य नेले, आता आमच्या डावांचे हात चोरायला आलाय."

"अहो, भिक्षा मागणारा साधू आहे बिचारा."

"साधू दारातनं मागतो. भिंतीवरनं नाही मागत."

त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. बायकोला पातीच्या कांद्याची पोळी करायला लावली, वर लसूण ठेचून घातला. खरा साधू कांदा-लसणाला शिवत नाही. सोंगाड्या असेल तर वासानंच फसेल. साधूला आत बोलावून ताट पुढं ठेवलं. साधूनं वास घेतला. डोळे मिटले. गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली. मग त्यानं दोन बोटांनी ताट मागं सारलं आणि नुसती ज्वारीची पेज मागितली.

"बघा," बायको म्हणाली. "खरा निघाला."

वस्तादांचा संशय दुप्पट झाला. लुच्चा माणूस भिंतीवर चढला तर समजण्यासारखं आहे. खरा साधू कशाला चढेल?

पाचव्या दिवशी भिंत मोकळी होती. वस्तादांना करमेना. ते काठी घेऊन निघाले आणि ज्वारीच्या गंजीमागं त्यांना साधू सापडला. झगा कमरेला खोचून तो एकटाच यान घराण्याचे हात फिरवत होता. पहिला हात बरोबर. दुसरा बरोबर. अकराव्यानंतर तो थांबला, डाव्या पायातला जोडा काढला, उलटा धरून दोनदा झटकला, पुन्हा घातला आणि बारावा हात केला.

वस्तादांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. परवा अकराव्या हातानंतर त्यांच्या जोड्यात खडा गेला होता.

"चोरा!" ते काठी उगारून पुढं झाले. "जोडा काय झटकतोस? तो काय डाव आहे?"

"नाही?" साधूचा चेहरा पडला. "मला तर तोच सगळ्यात गूढ वाटला. समोरचा जोड्याकडं बघतो, तेवढ्यात..."

"खडा होता खडा! बोल, फांगनं काय कबूल केलंय तुला?"

"फांग कोण?"

"यूनशी मठाची अस्सल परंपरा!"

"अच्छा, तो." साधू गंजीला टेकून खाली बसला. "आला होता आमच्याकडं. तीन महिने अंगण झाडलं त्यानं. पहिली पायरी म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यावर खूश होऊन गेला."

वस्तादांची काठी हवेतच राहिली. "तू यूनशी मठाचा?"

"हो."

"मग तिथली जगप्रसिद्ध विद्या सोडून आमच्या भिंतीवर काय करतोस?"

साधूनं आजूबाजूला पाहिलं. गंजीपलीकडं एक कोंबडी होती. ती जाईपर्यंत तो गप्प राहिला.

"वस्ताद, मठ जळाला त्याला साठ वर्षं झाली. जाणते त्यातच गेले. मागं उरले ते स्वयंपाकी आणि माळी. आम्ही त्यांचे शिष्य. घेवडा उत्तम पिकवतो आम्ही. पण लोक लांबून येतात, पाया पडतात, मुष्टी दाखवा म्हणतात. आम्ही गालात हसतो. त्यांना ते फार खोल वाटतं. इतके दिवस हसण्यावर निभावलं. आता येत्या वसंतात खुद्द सुभेदारसाहेब बघायला येणार आहेत. मठाधिपती म्हणाले, जा, कुठूनतरी काहीतरी घेऊन ये. सात गावं हिंडलो. प्रत्येक वस्ताद म्हणतो, आमची विद्या तुमच्याच मठातली. तीच परत कशी मागायची? अख्ख्या मुलखात तुम्ही एकटेच निघालात, ज्यांची स्वतःची आहे."

वस्तादांनी काठी खाली टेकली. खोटं बोलणारा माणूस घेवड्याचा उल्लेख करत नाही, असं त्यांना वाटलं.

"चौसष्ट हात आहेत," ते अखेर म्हणाले. "सगळे शिकवतो. पण एक बोली."

साधू घाईघाईनं म्हणाला, "तुमचं नाव मठाच्या शिळेवर कोरायचं? ते तेवढं जमायचं नाही."

"नाव नको. पुढल्या वर्षी माझा तुंगशान मठात येईल. हे चौसष्ट हात त्याला तिथं तुम्ही शिकवायचे."

"त्याला येत नाहीत?"

"सगळे येतात," वस्ताद म्हणाले. "फक्त ते मठातून आलेले नाहीत."