बाबांचा रोबो

तरुणपणी बाबांनी एका विज्ञानपटात, पत्र्याच्या डब्यात शिरून, रोबोचं काम केलं होतं. काल तो टीव्हीवर लागला. बाबा पडद्याऐवजी माझ्याकडेच बघत बसले. "खरं सांग हं, आजही पटतो का गं रोबो?"

मी दिवसभर कस्टमर केअरच्या फोनवर शिव्या खाऊन आले होते. तेवढ्यात आतून आई ओरडली, "अगं, गीझर पुन्हा बंद पडला!"

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," मी म्हणाले आणि बाबांकडे वळले. "नाही पटत, बाबा. तोंड उघडलं की आत माणूस आहे हे लगेच कळतं."

बाबांनी थकून उसासा टाकला.

"कळणारच. तेव्हा बघून शिकायला घरात तू नव्हतीस."